हरभऱ्याएवढी गाठ



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून पुष्कळांना हसू आले असेल. मांजरीच्या स्तनातील गाठ! न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून आपल्याकडील व्यासपीठांवर स्वराज्य, शेती, इतिहास, विज्ञान अशा नाना विषयांचा ऊहापोह होत आला. परंतु मांजरीच्या गाठीसाठी भल्या माणसांना तासभर सतरंजीवर बसविण्याचे धाडस फारसे कोणी केले नसेल. त्यातून बोलणारा डॉक्टर नाही, प्राध्यापक नाही. हमाल आणि कारखान्यांतील कंत्राटी कामगार यांच्या संघटनेत तीस वर्षे घालविलेला माणूस. आमची शाळा सातवीला सुटली. पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात, रेल्वेच्या डब्यात आणि जाणत्या माणसांना प्रश्न विचारून झाले. तेव्हा आज सांगणार आहोत ते शास्त्र आमच्या पदरचे नाही. पशुवैद्यांकडून ते ऐकले, पुस्तकांतून पडताळले. आणि एका मांजरीच्या मरणामुळे ते शिकण्याची पाळी आमच्यावर आली.

ती हकीकत आधी सांगतो.

दौंड हे रेल्वेचे गाव. १८५८ सालच्या डिसेंबरात पुण्यापासून पूर्वेकडे दिकसाळपर्यंत गाडी धावू लागली आणि भीमाकाठचे हे गाव लोहमार्गावर आले. पुढे १८७८ साली मनमाडचा मार्ग खुला झाला आणि दौंडचे जंक्शन झाले. जेथे मालधक्का तेथे पोती, जेथे पोती तेथे उंदीर, आणि जेथे उंदीर तेथे मांजर, हा क्रम ठरलेलाच. शिरूरची गोष्ट वेगळी नाही. घोडनदीच्या बाजारपेठेत भुसार मालाचे असे दुकान विरळा, जेथे पोत्यांच्या थप्पीवर एखादे मांजर डोळे मिटून बसलेले नाही. रात्रपाळी करणारा हा कामगार. हजेरीपटावर त्याचे नाव नाही, बोनस नाही, आजारपणाची रजा नाही.

आमच्या हमालांच्या बसण्याच्या खोलीत अशीच एक भाटी होती. तिला सगळे मनी म्हणत. वय दहा-अकरा वर्षांचे असावे. तेथे चहा करून देणाऱ्या एक वृद्ध बाई होत्या, त्यांना आम्ही मावशी म्हणत असू. एका संध्याकाळी मनी त्यांच्या मांडीवर उताणी पडली होती. मावशी तिच्या पोटावरून हात फिरवीत होत्या. एकाएकी त्या म्हणाल्या, “अरे, इथं खड्यासारखं काय लागतंय बघ.” आम्ही बोट लावून पाहिले. कातडीखाली, एका आचळाच्या शेजारी, हरभऱ्याएवढे काही टणक लागले. मनीला ते दुखत नव्हते. आम्ही म्हणालो, “दुधाची गाठ असेल मावशी, जिरून जाईल.”

मनीला दोन वर्षांत पिले झाली नव्हती. मग दूध कोठून येणार, आणि दुधाची गाठ कोठून होणार? हा साधा प्रश्न आम्हांस सुचला नाही. कारखान्यातील मुकादमाला दहा प्रश्न विचारणारे आम्ही, पण या बाबतीत स्वतःला एकही विचारला नाही. मावशींनी हळदीचा लेप लावला, मनीने तो चाटून टाकला. ती पावसाळ्याची गोष्ट. दिवाळीला गाठ सुपारीएवढी झाली. गावात एकाला विचारले, तर तो म्हणाला, “मांजरच आहे, त्यात काय एवढं!” ते उत्तर आम्हांला सोयीचे होते, म्हणून पटले. संक्रांतीच्या सुमारास गाठ फुटली आणि मनी ती जखम रात्रंदिवस चाटू लागली. तेव्हा कोठे एका टोपलीत घालून आम्ही तिला पुण्याला नेले. तेथील पशुवैद्यांनी छातीचे क्ष-किरण छायाचित्र काढले. फुप्फुसांत ठिकठिकाणी गोल ठिपके उतरले होते. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, “पहिल्यांदा हाताला लागली तेव्हा केवढी होती?” आम्ही म्हणालो, “हरभऱ्याएवढी.” त्यावर ते काही बोलले नाहीत. मनी तीन आठवड्यांत गेली.

त्या दिवसापासून हा विषय आमच्या मनात घर करून बसला. जे कळले ते आता क्रमाने सांगतो.

मांजरीला बहुधा आठ स्तनग्रंथी असतात. छातीपासून जांघेपर्यंत डावीकडे चार आणि उजवीकडे चार, अशा दोन माळा. या ग्रंथींतील गाठींचा कल कोणीकडे असतो, ही पहिली ध्यानात ठेवण्याची गोष्ट. कुत्रीच्या स्तनातील गाठींपैकी ढोबळ मानाने निम्म्या निरुपद्रवी निघतात. मांजरीचे तसे नाही. तिच्या स्तनातील शंभर अर्बुदांपैकी ऐंशी ते नव्वद घातक, म्हणजे कर्करोगाची असतात. म्हणून कुत्र्याच्या अनुभवावरून मांजरीविषयी निश्चिंत राहणे चुकीचे. हा रोग सरासरी दहा ते बारा वर्षांच्या वयात दिसतो. सयामी जातीत त्याचे प्रमाण अधिक असून तो लवकर वयातही येतो. बोक्यालाही तो होतो, पण क्वचित.

तथापि स्तन सुजला की कर्करोगच, असे समजून घाबरून जाऊ नये. निदान म्हणजे सारखी दिसणारी दुखणी एकमेकांपासून वेगळी काढणे. पिले झाल्यानंतर दुधाच्या ग्रंथीला जंतूंचा संसर्ग होतो. तेव्हा ती ग्रंथी लाल, गरम व दुखरी असते, दुधात पू येतो आणि मांजरीला ताप असतो. हे दुखणे औषधाने बरे होते. दुसरे एक दुखणे तरुण मांजरींचे. माजानंतर किंवा गाभण असताना काही दिवसांत सगळ्याच ग्रंथी एकदम फुगतात आणि पाहणाऱ्याची छाती दडपते. ही ग्रंथींची अतिवाढ आहे. तिचे मूळ प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकात असते. पिले होऊ नयेत म्हणून त्या जातीचे इंजेक्शन किंवा गोळ्या दिलेल्या मांजरींतही ती दिसते. ती कर्करोग नव्हे, आणि योग्य उपचाराने ओसरते. मात्र अशी औषधे पुनःपुन्हा दिल्याने पुढे स्तनाच्या अर्बुदाचा धोका वाढतो, हेही लक्षात ठेवावे.

म्हणून डॉक्टर प्रथम प्रश्न विचारतात. वय किती? पिले केव्हा झाली? माजावर केव्हा आली होती? संप्रेरकाचे औषध दिले काय? शस्त्रक्रिया करून वांझ केली आहे काय, आणि कितव्या महिन्यात? गाठ केव्हा दिसली, आणि तेव्हा केवढी होती? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर डॉक्टरांजवळ नसते. ते मांजर सांभाळणाऱ्याजवळच असते. कामगाराच्या अपघाताच्या दाव्यात तारीख-वार लिहून ठेवलेला कागद जे काम करतो, तेच काम येथे घरच्या दिनदर्शिकेवर लिहिलेली एक ओळ करते.

मग हाताची तपासणी. डॉक्टर एकच गाठ पाहून थांबत नाहीत. दोन्ही माळांतील आठही ग्रंथी दोन बोटांत धरून चाचपतात, कारण पुष्कळ मांजरींत एकाहून अधिक गाठी असतात. गाठ कातडीबरोबर हलते की खालच्या स्नायूला चिकटली आहे, वरची कातडी फुटली आहे काय, आचळातून काही स्रवते काय, हे पाहतात आणि गाठ मोजपट्टीने मोजतात. त्यानंतर हात काखेत आणि जांघेत जातो. आपण ज्याला अवधाण येणे म्हणतो, त्या रसग्रंथी तेथे असतात. पुढच्या ग्रंथींतील रोग बहुधा काखेकडे आणि मागच्या ग्रंथींतील रोग बहुधा जांघेकडे सरकतो.

तिसरी पायरी सुईची. बारीक सुई गाठीत घालून थोड्या पेशी ओढून घेतात, काचेवर पसरतात आणि रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. भूल लागत नाही, वेळ फार जात नाही. दाह आहे की अर्बुद, की स्तनाशी संबंध नसलेली कातडीची दुसरीच गाठ, हे त्यातून पुष्कळदा कळते. काखेतील अवधाणात रोग पोचला आहे काय, हेही सुईने पाहता येते. परंतु सुईच्या तपासणीला मर्यादा आहेत. ओंजळभर धान्य पाहून साऱ्या पोत्याची परीक्षा करता येते, हे हमालाला ठाऊक असते; आणि पोत्याच्या तळाशी किडके धान्य भरलेले असू शकते, हेही त्यालाच ठाऊक असते. सुईत घातक पेशी आल्या नाहीत, एवढ्यावरून गाठ निर्दोष ठरत नाही.

चौथी पायरी छातीच्या छायाचित्रांची. हा रोग फुप्फुसांकडे धाव घेतो. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी छातीची तीन बाजूंनी क्ष-किरण छायाचित्रे घेतात : डाव्या कुशीवर, उजव्या कुशीवर आणि उभ्या दिशेने. एकाच बाजूने घेतलेल्या चित्रात बारीक ठिपका निसटू शकतो. जोडीला रक्ताची तपासणी असते, कारण दहा-बारा वर्षांच्या मांजरीची मूत्रपिंडे भूल सोसतील की नाही, हे पाहावे लागते. शक्य असेल तेथे पोटाची सोनोग्राफीही करतात.

आणि पाचवी, निर्णायक पायरी म्हणजे काढलेल्या गाठीची तपासणी. बर्लिनच्या रुडॉल्फ फिर्को यांचा पेशींच्या विकृतिशास्त्रावरील ग्रंथ १८५८ साली प्रसिद्ध झाला. ज्या वर्षी दौंडला आगगाडी आली, तेच ते वर्ष. रोगाचे मूळ पेशीत शोधावे, ही दृष्टी त्या ग्रंथाने रूढ केली, आणि माणसाचे वैद्यक व जनावराचे वैद्यक यांत भिंत घालू नये, असे फिर्को मानीत. आजही गाठीचा अखेरचा निवाडा सूक्ष्मदर्शकच देतो. त्यासाठी काढलेला भाग त्याच्या सुमारे दसपट फॉर्मॅलिनच्या द्रावणात ठेवून विकृतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. गाठ घातक आहे काय, तिची प्रत कोणती, आणि ती जेथे कापली त्या कडांना रोगाच्या पेशी राहिल्या आहेत काय, या तीन प्रश्नांची उत्तरे तेथून येतात. पुष्कळ जण शस्त्रक्रिया झाली की हुश्श करतात, चार पैसे वाचवितात आणि काढलेली गाठ बादलीत जाऊ देतात. आमचे हात जोडून सांगणे आहे की, तसे होऊ देऊ नका. गाठीबरोबर तिचा जबाबही फेकला जातो.

आता या साऱ्या खटाटोपाचे मर्म सांगतो. गाठीचा आकार. दोन सेंटीमीटरहून लहान गाठ आणि कोठे प्रसार नाही, ही पहिली अवस्था. दोन ते तीन सेंटीमीटर ही दुसरी. तीनहून मोठी, किंवा आकार कोणताही असो पण रसग्रंथीत रोग पोचलेला, ही तिसरी. आणि फुप्फुसासारख्या दूरच्या अवयवात गेलेला रोग ही चौथी. शस्त्रक्रियेनंतर मांजरी किती जगतात याचे जे अभ्यास झाले आहेत, त्यांत दोन सेंटीमीटरच्या आतली गाठ असलेल्या मांजरींचे मध्यम आयुष्य तीन वर्षांहून अधिक आढळले. दोन ते तीनच्या दरम्यान ते सव्वा ते दोन वर्षांवर येते. तीनच्या पुढे गेले की चार महिने ते एक वर्ष. आपल्या खिशातील रुपयाचे नाणे सुमारे दोन सेंटीमीटर रुंद असते. मांजरीच्या आयुष्याचा हिशेब त्या नाण्याच्या अलीकडे आणि पलीकडे असा बदलतो. आमच्या मनीची गाठ जेव्हा हरभऱ्याएवढी होती, तेव्हा ती नाण्याच्या पुष्कळ अलीकडे होती.

ऐकणाऱ्यांपैकी कोणी म्हणेल, हे सगळे पुण्या-मुंबईच्या लोकांसाठी ठीक; आमच्या गावात मांजराला डॉक्टरकडे कोण नेतो? हा प्रश्न रास्त आहे. आपल्याकडचा दवाखाना म्हणजे “गुरांचा दवाखाना”. त्याच्या दारात गाय, बैल, शेळी उभी राहते, मांजर घेऊन गेलेल्या माणसाला लाज वाटते. शिवाय खर्च आहे, गाडीभाडे आहे, आणि एका दिवसाची मजुरी बुडते. ज्याची चूल रोजच्या मजुरीवर पेटते, त्याला भूतदयेचे व्याख्यान देणे आम्हांस शोभणार नाही. पण मार्ग निघतो, हेही पाहिले आहे.

मनी गेल्यानंतर काही वर्षांनी शिरूरच्या एका भुसार दुकानातील हमालांनी आम्हांला निरोप धाडला. दुकानातल्या मांजरीच्या पोटाला तुरीच्या दाण्याहून जरा मोठे काही लागत होते. मनीची हकीकत त्यांनी आमच्याच तोंडून ऐकली होती, म्हणून बोटांना ते कळले. आम्ही दुकानाच्या शेठजींकडे गेलो. ते म्हणाले, “साहेब, तुम्ही मजुरीचं बोलायला आलात असं वाटलं.” आम्ही म्हणालो, “मजुरीचंच बोलतोय शेठ. हिनं आठ वर्षं तुमची पोती राखली. पगार कधी दिलात?” शेठजी हसले आणि निम्मा खर्च त्यांनी उचलला. निम्मी वर्गणी हमालांनी केली. तालुक्याच्या दवाखान्यातील डॉक्टरांनी मांजरीला नीट तपासले, गाठ मोजली आणि पुढे पुण्याला पाठविले. छातीची चित्रे स्वच्छ निघाली. डॉक्टरांनी नुसती गाठ न काढता त्या बाजूची संपूर्ण माळ काढली, कारण मांजरीत तसे केल्याने रोग त्या जागी उलटण्याचा संभव कमी होतो. दुसऱ्या बाजूची माळ काढावयाची असल्यास बहुधा काही आठवडे थांबून काढतात. प्रयोगशाळेचा अहवाल आला : गाठ कर्करोगाचीच होती, मात्र कापल्याच्या कडा स्वच्छ होत्या. ती मांजरी त्यानंतर साडेतीन वर्षे पोत्यांच्या थप्पीवर बसली आणि शेवटी मूत्रपिंडाच्या दुखण्याने गेली. दोन्ही मांजरींचा रोग एकाच जातीचा. फरक पडला तो बोटाला गाठ लागल्यापासून दवाखान्याच्या पायरीपर्यंत गेलेल्या दिवसांचा.

याहून स्वस्त उपाय मात्र आधीच करता येतो. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात असे दिसले की, सहा महिन्यांच्या आत वांझ केलेल्या मांजरींत स्तनाच्या कर्करोगाचा धोका ९१ टक्क्यांनी कमी होतो, वर्षाच्या आत केल्यास ८६ टक्क्यांनी. दुसऱ्या वर्षात केल्यास जेमतेम ११ टक्क्यांनी, आणि त्यानंतर लाभ दिसला नाही. “एकदा पिले होऊ द्यावीत, मग पाहू” ही आपल्याकडची समजूत या आकड्यांपुढे टिकत नाही. आणि हे कोणाला विचारावे, असा प्रश्न असेल, तर पुणे जिल्ह्याच्या वेशीलगत शिरवळला १९८८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. मुंबईचे तर १८८६ पासूनचे. विचारणाऱ्याची कमतरता आहे, ज्ञानाची नाही.

हीच हकीकत आम्ही एकदा कामगार स्त्रियांच्या सभेत सांगितली. सभा संपल्यावर सतरंजी गुंडाळता गुंडाळता एक बाई जवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, “दादा, मांजरीचं कळलं. बाईला गाठ लागली तर?” आम्ही क्षणभर गप्प झालो. तीस वर्षे आम्ही मजुरी, जादा काम, सुट्ट्या यांविषयी बोलत आलो, आणि हा प्रश्न विचारावयास त्या बाईंना एका मांजरीचा आधार घ्यावा लागला. आम्ही त्यांना जे सांगितले ते येथेही सांगतो. स्त्रीच्या बाबतीत प्रमाण उलटे आहे. स्त्रियांच्या स्तनांतील बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात. म्हणून मांजरीचे आकडे स्वतःला लावून कोणी झोप उडवून घेऊ नये. परंतु भारतातील स्त्रियांत सर्वांत अधिक आढळणारा कर्करोग स्तनाचाच आहे, आणि निरुपद्रवी कोणती व घातक कोणती, हे हात, छायाचित्र आणि सुई यांवाचून घरबसल्या ठरत नाही. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली उघडले. तेथील प्रयोगशाळा उभारणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर हे आपलेच मराठी विकृतिशास्त्रज्ञ. १९५२ साली स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते पहिले संचालक. इतक्या वर्षांपासून हे ज्ञान आपल्या दाराशी आहे. आत यावयाला अडते ते लाजेपायी, आणि बुडणाऱ्या मजुरीपायी. त्या बाईंना दुसऱ्या दिवशी रजा मिळवून देणे हे संघटनेचे काम होते. ते आम्ही केले. तपासणीत त्यांची गाठ साधी निघाली.

तेव्हा आपणांकडे मागणे एवढेच. आज घरी गेल्यावर मांजर मांडीवर आले, तर त्याचे पोट दोन बोटांनी हळू चाचपावे. दोन्ही बाजू, छातीपासून जांघेपर्यंत. महिन्यातून एकदा हे करावे. ज्वारीच्या दाण्याएवढे जरी टणक लागले, तरी दिनदर्शिकेवर तारीख लिहावी आणि त्याच आठवड्यात मांजर डॉक्टरांना दाखवावे. कोणी म्हणेल, मांजरच आहे, त्यात काय एवढे. त्याला उत्तर देण्याच्या भरीस पडू नये. टोपली उचलून चालू लागावे.

मावशी आता नाहीत. खड्यासारखे काही लागते, हे पहिल्या दिवशी त्यांच्या बोटांना कळले होते. त्यांचे म्हणणे आम्ही ऐकून घेतले नाही, एवढीच त्या हकीकतीतली आमची चूक.